कसालच्या गाडीचं ऑइल

माझ्या आत्येने मला वाचवलं. हे आधी लिहून टाकतो, काय झालं ते मागाहून सांगतो. सांगायला बसलो की मी भलतीकडेच जातो आणि ज्याचे आभार मानायचे तो माणूसच शेवटी राहून जातो.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पिंगुळीला दिलेली. नाव लिहीत नाही. कुठे छापून आलं तर "माका कित्याक त्यात ओढलंस रे?" म्हणून फोनवर झाडेल. ती पिकअप चालवते. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या, मग काजू, पावसात खताच्या गोणी, मधल्या दिवसांत कुणाचं घरसामान. तिचे यजमान आंब्याच्या झाडावरून पडले आणि त्यांची कंबर कायमची अधू झाली. तेव्हा भावकीतले लोक दारातला पिकअप विकायची बोलणी घेऊन आले. तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, विकायचा नाही, मी शिकते. लोक हसले. आता त्यांच्याच पेट्या ती कोल्हापूरला पोचवते आणि ते अजून हसतात, पण ते वेगळं हसणं.

मी राहतो मस्कतला. इथे एका मोठ्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुऊन इस्त्री होऊन जातात. त्यातलं डाग काढायचं टेबल माझ्याकडे आहे. चादर मशीनमध्ये जाण्याआधी माझ्यासमोर पसरते, मी डाग शोधतो, कशाचा आहे ते ओळखतो आणि त्याला लागेल ते औषध लावतो. शाळा मी नववीत सोडली. डोकं नव्हतं असं नाही, पण गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं की येत असलेलंही पळून जायचं. आदल्या दिवशीपासूनच त्याची भीती वाटायची. शेवटी एक दिवस दप्तर घेऊन निघालो आणि शाळेच्या वळणावरून तसाच शेतात गेलो. बाबांनी काही विचारलं नाही. बैलाची दोरी हातात दिली. मग कणकवलीला एका हॉटेलात, मग गोव्यात, मग इथे. ती भीती मात्र मी प्रत्येक ठिकाणी बरोबर नेली. अजून झोपायच्या आधी पासपोर्ट जागेवर आहे ना ते उशीखाली हात घालून बघतो.

इथे समुद्र आहे. आमच्या खोलीच्या गच्चीवरून त्याची एक निळी पट्टी दिसते. नवीन ओळख झाली की लोक म्हणतात, तुम्ही मालवणकडचे ना, मग तुम्हाला इथे घरच्यासारखंच वाटत असेल. मी हो म्हणतो. कोण समजावत बसणार. आमचं गाव कसालपासून आत, डोंगराच्या अंगाला. तिथून समुद्र बघायचा तर एसटीने जावं लागतं. मला आठवते ती घरासमोरची पाणंद. पायरीवर बसलं की वळणापलीकडून कोण येतंय ते नुसत्या चालीवरून कळायचं. एक वहाण ओढत चालणारा म्हणजे आमचा चुलता. घाईघाईत, मध्येच थांबून, परत घाईघाईत, म्हणजे शेजारची काकी, काहीतरी विसरून आलेली. इथे आमच्या मजल्यावर दिवसभर माणसं जातात येतात आणि एकाचीही चाल मला ओळखता येत नाही. मला वाटतं, त्यांनाही माझी येत नसेल.

परत जायचं तर हातात काहीतरी धंदा पाहिजे. विचार करून करून एकच गोष्ट जमण्यासारखी दिसली. सात माणसांची एक डिझेल गाडी घ्यायची, जुनी चालेल. कुडाळ स्टेशनवर उतरणारे चाकरमानी आपापल्या गावात न्यायचे, सुट्टीत मालवणचे पर्यटक, आणि अडीनडीला गावातला आजारी माणूस. गाडी चालवायला मी गोव्यात शिकलो होतो. पण गाडी चालवता येणं वेगळं आणि गाडी कळणं वेगळं. बॉनेटखाली काय असतं ते मला आजही परक्याच्या स्वयंपाकघरासारखं वाटतं. कुठल्या डब्यात काय, कळत नाही.

चतुर्थी होऊन गेली होती. मी त्या चतुर्थीलाही घरी नव्हतो. बाबांचा फोन आला की कसालच्या बाजारातल्या एका शेटची गाडी विकायची आहे, तू म्हणतोस तशीच, सात माणसांची, पांढरी. शेटचं लोखंडी सामानाचं दुकान. मुलाने मोठी गाडी घेतली म्हणून ही काढतोय. माणूस ओळखीतला, पिढ्यांचा. बाबांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. पुढे ते म्हणाले की देवानेही कौल दिला आहे.

आमच्याकडे काही मोठं करायचं तर आधी ग्रामदेवतेला विचारतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना कळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबा आदल्या सोमवारी देवळात गेले होते. झील परत येवन गाडीचो धंदो करूक बघता, तर करूचो काय, असं त्यांनी माझ्यासाठी, त्यांच्या झिलासाठी म्हणजे मुलासाठी, विचारलं होतं. उजवी कळी पडली. पडायला वेळसुद्धा लागला नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कसालला गेले आणि तिथून मला व्हिडिओ कॉल लावला. शेटने त्यांना पडवीत बसवलं होतं, कोकम सरबत दिलं होतं. गाडी अंगणात धुऊन पुसून उभी होती, आरशाला हारसुद्धा होता, चतुर्थीचाच असावा. बाबांनी मला आधी सीटची कव्हरं दाखवली. मग टेप लावून आवाज ऐकवला. मी इथे बसून यूट्यूबवर जे बघितलं होतं ते आठवून म्हटलं, बाबा, बॉनेट उघडून ऑइल बघा. शेटने हसतच ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइल मधासारखं, सोनेरी, टोकावर थेंब धरून. बाबा म्हणाले, "बघलंस? तुपासारखा आसा." इंजिन लावलं तर पहिल्या किल्लीला लागलं. मी त्या गाडीचा आवाज ऐकत राहिलो. आवाज म्हणजे काय, फोनमधून नुसतं गुरगुरणं. पण मला त्यात आमचा चढाव ऐकू आला, पाणंदीच्या तोंडाशी गाडी वळवताना गियर बदलल्याचा.

त्याच संध्याकाळी मी आमच्या सुपरवायझरना सांगून टाकलं की पुढचा करार मी करणार नाही. ते केरळचे, शांत माणूस. बरं म्हणाले, लेखी दे. मी लिहूनही दिलं. इतक्या लवकर मी आयुष्यात काही केलं नव्हतं. खोलीत येऊन बॅग काढली, तिच्यात काही भरलं नाही, नुसती उघडून ठेवली.

हे सगळं झालं तेव्हा आत्या कणकवलीला माल टाकायला गेली होती. येता येता ती भावाकडे उतरली आणि बाबांनी तिला गाडीचं कौतुक सांगितलं. ते संपेपर्यंत ती जेवत होती. मग म्हणाली, "दादा, तू गाडी बघूक गेल्लंस काय चेडवाक बघूक गेल्लंस?" चेडू म्हणजे मुलगी. मग तिने एकच गोष्ट विचारली. तू पोचलास तेव्हा बॉनेट हाताला गरम लागत होतं का. बाबांना आठवलं की हो, लागत होतं, पण ऊन होतं ना. आत्या म्हणाली, ऊन होतं, खरं आहे. मग हात धुऊन तिने मला फोन लावला.

मला ती जे बोलली ते सगळं तेव्हा समजलं नाही, हळूहळू समजत गेलं. डिझेल इंजिनात नवं ऑइल घातलं की चार दिवसांत ते काळं होतं, आणि काळं व्हायलाच पाहिजे, आतली घाण ते धरून ठेवतं म्हणून. सोनेरी ऑइल म्हणजे काल-परवा बदललेलं. त्यात शेटने लबाडी केली असंही ती म्हणाली नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही अंगण सारवतो. पण सारवलेल्या अंगणावरून घरात काय शिजतं ते कळत नाही. आणि आपण यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं असेल तर पहिल्या किल्लीला कुठलीही गाडी लागते. थंड गाडी बघायला पाहिजे. उद्या पहाटे, फोन न करता.

बाबांना हे अजिबात पटलं नाही. ओळखीच्या माणसाच्या दारात सूर्य उगवायच्या आधी न सांगता उभं राहायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, आणि कौल मिळाल्यावर वर आणखी तपासायचं म्हणजे देवावरच. मीही बाबांच्याच बाजूचा होतो. मी म्हटलं, आत्ये, एवढं कशाला. ती म्हणाली की तू झोप, तुझ्याकडे पहाट आमच्यापेक्षा दीड तास मागे आहे, तुला उठायला लागेल.

पहाटे मी गच्चीवर गेलो, खोलीतले उठू नयेत म्हणून. तिकडे उजाडत होतं. फोन बाबांच्या हातात होता, म्हणून मला बराच वेळ शेटच्या अंगणातली जमीन आणि एक मांजर दिसलं. मांजर गाडीच्या बॉनेटवरच झोपलं होतं. आत्येने त्याला उचललं, बॉनेटवर तळहात ठेवला आणि बाबांकडे बघून मान हलवली. थंड होतं. शेट पंचा खांद्यावर टाकून दात घासतच बाहेर आले. रागावले नाहीत. तोंड धुऊन किल्ली आणून दिली, म्हणाले, "घरचीच गाडी समज गो. बघ काय ता."

पट्टी ओढली. सोनेरीच. मग आत्येने ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून फोनसमोर धरलं. आतून ते पांढरट होतं. दुधाचा चहा निवून त्यावर साय धरावी तसं काहीतरी लिबलिबीत. एवढं मलाही व्हिडिओत बघून माहीत होतं की ऑइलमध्ये पाणी गेलं की असं होतं.

शेट म्हणाले, पावसात सगळ्यांच्याच गाड्यांना होतं, आणि आम्ही तर हिला घर ते दुकान एवढीच काढतो. मला वाटलं आत्या आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "होता. माज्याय गाडीक होता." आणि खरंच होतं म्हणे. दमट हवेत गाडी जरा तापते न तापते तोच बंद केली की आत दव साचतं आणि झाकणाला हे असं लागतं. गाडी चांगली तासभर तापली की आपोआप निघून जातं. तेवढ्यावरून गाडीला नावं ठेवणं बरोबर नाही. तिने पंच्याचा कोपरा मागून घेतला, झाकण स्वच्छ पुसलं, भोकाची कडही पुसली. मग शेटना विचारलं की बांद्यापर्यंत नेऊन आणू का. शेट म्हणाले न्या की.

म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. मी गच्चीच्या कठड्याला टेकलो आणि मनातल्या मनात गाऱ्हाणं घालायला लागलो. मला नीट घालता येत नाही. नुसतं रे महाराजा, रे महाराजा म्हणत राहिलो.

आत्या गाडी चालवायला बसली, बाबा बाजूला. तिने बाबांना सांगितलं की फोन समोर धर, तो बघूंदे. ते मी आधी मागितलं नव्हतं. तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

आणि मग मी त्या गाडीच्या काचेतून सगळा रस्ता बघितला. हायवे आता इतका रुंद झालाय की मधली गावं बाजूला सरकल्यासारखी वाटतात, पण दोन्हीकडचे मळे तेच. भात पिवळं पडायला लागलं होतं, पुरतं झालं नव्हतं, त्यावर धुकं होतं. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती आणि गाडी जवळून गेली तसा तिने भारा एका हाताने धरला. ती दिसली न दिसली तोच मागे गेली. कुडाळचा पूल आला, पिंगुळीचा फाटा आला. आत्येने तिथे सवयीने हॉर्न दिला, तिच्या घराच्या दिशेने, तसा ती रोज देते म्हणे, यजमानांना कळावं म्हणून. बाबा मध्येच काहीतरी बोलत होते, कुणाचं नवीन घर, कुणाचं दुकान पुलाखाली गेलं, मला निम्मं ऐकू येत होतं. चित्र थांबायचं आणि परत सुटायचं. थांबलं की मी त्या थांबलेल्या चित्रातलं झाड बघत राहायचो. माझा हात कठड्यावर गियर बदलल्यासारखा हलत होता. बाजूच्या गच्चीवर एक माणूस कपडे वाळत घालत होता, तो थोडा वेळ माझ्याकडे बघून आत गेला.

बांद्याला पोचल्यावर आत्येने पाण्याच्या बाटलीची पातळी बघितली आणि बाबांना दाखवली. बॉनेटखाली इंजिन गार ठेवायच्या पाण्याची एक पांढरी बाटली असते, तिच्यावर रेघा असतात. निघताना पाणी वरच्या रेघेला होतं. आता खाली गेलं होतं. फार नाही. ती एवढंच म्हणाली की परत जाऊया. मला कामावर जायची वेळ झाली होती. फोन खिशात घालून मी निघालो.

टेबलावर चादरी यायला लागल्या. एका चादरीवर कॉफी, एकीवर मेंदी, एकीवर कसलंतरी क्रीम. हात चालत होते. मी हिशेब करत होतो की आता झाराप आलं असेल, आता कुडाळ. मनाने मी निर्णय करून टाकला होता. थोडं पाणी कमी झालं तर काय झालं, कुठली जुनी गाडी पाणी पीत नाही.

फोन थरथरला तेव्हा मी कपाटाच्या मागे गेलो. ते शेटच्या अंगणात परत पोचले होते. आत्येने आधी झाकण दाखवलं. ते पुसून ती निघाली होती, तासाहून जास्त गाडी तापवून आली होती, आणि झाकणाला पुन्हा तेच लागलं होतं, पहिल्यापेक्षा जाड. मग इंजिन चालू ठेवून तिने ते झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवलं. चांगल्या इंजिनावर ते थरथरतं पण बसून राहतं. हे फटफट उडालं आणि बाजूला पडलं. भोकातून पांढरा धूर आला. मग इंजिन बंद करून, थोडं निवू देऊन तिने पट्टी ओढली, आणि पट्टी सोनेरी राहिली नव्हती. गढूळ झाली होती.

मी म्हटलं, पट्टी परत दाखव. तेव्हा तिने पिशवीतून एक जुन्या धोतराचा तुकडा काढला, पांढरा, त्याच्यावर पट्टीवरचा थेंब सोडला आणि तो तुकडा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला. म्हणाली, "ह्या तुजा काम. तूच सांग."

मी रोज तेच बघतो. निव्वळ तेलाचा थेंब कपड्यावर पडला तर तो सगळीकडे सारखा पसरतो, कड मऊ असते, हळूहळू विरते. पाणी मिसळलेलं असलं की दोन्ही एकत्र पसरत नाहीत. पाणी आधी पुढे धावतं, तेल मागे राहतं, आणि डागाभोवती एक फिकट कडं उमटतं, कातरल्यासारखं. माझ्या टेबलावर असा डाग आला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलाही नसता. त्या धोतराच्या तुकड्यावर ते कडं माझ्या डोळ्यांसमोर वाढत होतं.

मी म्हटलं, "पाणी आसा."

ती म्हणाली, "हां."

मागे बाबा शेटच्या पायरीवर बसले होते. शेट त्यांना सांगत होते की मेस्त्रीने आपल्याला एवढंच सांगितलं होतं की ऑइल बदला, बाकी आपल्याला काही माहीत नाही. मला त्यांचं खरं वाटलं, आजही वाटतं. त्यांना गाडीतलं माझ्याइतकंच कळत असणार. बाबांनी मान वर केली नाही. ते आत्येला म्हणाले, "बाय, देवान उजवो कौल दिल्यान."

हे बोलणं मी कपाटाच्या मागे उभा राहून ऐकत होतो, आणि मला वाटलं की आता आत्या काय म्हणणार. देवाला खोटं म्हणायचं की भावाला. ती बाबांच्या बाजूला जाऊन बसली. हातातला तुकडा घडी करून पिशवीत टाकला.

"देवान कौल दिल्यान तेवा ही गाडी खंय होती, दादा?" ती म्हणाली. "गाडी घे म्हटल्यान. हीच घे असा म्हणूक नाय."

बाबांनी टोपी काढून परत घातली. ते पटल्याचं लक्षण. मला ते इथूनही कळलं.

पटलं नव्हतं ते मला. पट्टी बघून, झाकण बघून, डाग स्वतःच्या तोंडाने सांगूनसुद्धा. मी म्हटलं, "आत्ये, दुरुस्त करून घेतली तर चलाची नाय काय गो?" माझा आवाज कसा आला असेल माहीत नाही. बाबांनी फोन तिच्या हातात दिला आणि ते अंगणाच्या टोकाला गेले.

तिचा चेहरा इतका जवळ आला की नुसते डोळे दिसत होते. "चलात," ती म्हणाली. "म्हयनो चलात, दोन म्हयने चलात. मगे खंयतरी चढावार बंद पडतली, नि तू परत थयच जातलंस." मग म्हणाली, "एकदा तुका सोडूक इलंय. दुसऱ्यांदा येवचंय नाय."

मला मोपाच्या विमानतळावर सोडायला तीच आली होती, पिकअप घेऊन. बाबांना तेव्हा ताप होता. आत जायच्या दारापर्यंत ती हसत होती, पिकअपवाल्यांना इथे उभं राहू देत नाहीत म्हणून पोलिसाशी भांडतही होती. मी आत गेलो. बाबांनी नंतर कधीतरी सांगितलं की त्या दिवशी ती बांद्यापर्यंत आली, रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि दुपारपर्यंत तिथून हललीच नाही. चालवता येईना म्हणे. मला हे माहीत होतं, पण तिच्या तोंडून ती कधी त्याबद्दल बोलली नव्हती. आणि त्या सकाळीही ती तेवढंच बोलली.

मी म्हटलं, "नको तर मग." आणि फोन ठेवला.

दुपारच्या सुट्टीत मी सुपरवायझरकडे गेलो. काय बोलायचं ते जाता जाता पाठ केलं होतं, शाळेत करायचो तसं, आणि समोर उभा राहिल्यावर तसंच विसरलो. नुसतं म्हटलं की मी जात नाही. त्यांनी माझा कागद टेबलाच्या खणातून काढला. अजून वर पाठवला नव्हता. त्यांनी कारण विचारलं नाही, मी गाडीचं सांगायला लागलो तर थोडं ऐकलं, मग म्हणाले की त्यांच्याकडे कोट्टायमला घराचं बांधकाम निम्म्यावर राहिलंय, इतकी वर्षं. मग भोंगा झाला.

खोलीत येऊन ती उघडी बॅग बंद केली. तिच्यात काहीच नव्हतं तरी बंद करताना चेन अडकली.

कसालच्या त्या गाडीचं पुढे काय झालं, कुणी घेतली, कशी चालली, मला माहीत नाही. बाबांना मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. विचारायची गरजही वाटत नाही. डाग मी बघितला होता. कधी कधी मात्र सकाळी डोळे उघडायच्या आधी मला तो रस्ता दिसतो, त्या काचेतून बघितलेला. पिवळं पडत आलेलं भात, ती भारेवाली बाई, थांबलेल्या चित्रातलं झाड. माझ्या गाडीतून मी आजवर तेवढाच प्रवास केला, आणि गाडी माझी नव्हती.

आता या गोष्टीला बरेच दिवस झाले. मी इथेच आहे. गाडी बघणं चालू आहे. कुठे कणकवलीला एक, कुठे सावंतवाडीला एक. आत्या आपल्या फेऱ्या सांभाळून जाते, पहाटे, न सांगता, आणि मला फोन लावते. आतापर्यंत बघितलेल्यांत एकही तिला पसंत पडलेली नाही. मध्ये एकदा बाबा चिडून म्हणाले की हिला बहुतेक कारखान्यातून थेट आलेलीच पाहिजे. आत्या म्हणाली, "माका नको, झिलाक होयी." मी हसलो. हसताना मला भीतीही वाटत होती की अशीच वर्षं जातील, बाबा थकतील, मी इथे चादरी बघत बसेन. ती भीती मी तिला सांगितली नाही. सांगितली असती तर कदाचित तिने एखादी गाडी पसंत केली असती, नुसती माझ्यासाठी. म्हणूनच सांगितली नाही.

गेल्या खेपेला फोनवर बोलताना ती मध्येच गप्प झाली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, गुडघा धरतो, क्लच दाबताना. आणि लगेच विषय बदलला. आंब्याचा मोसम तोंडावर आलाय. घाटातून वर-खाली दिवसाआड, क्लचवर पाय. यजमानांना उठवून बसवायचं, जेवण करून ठेवायचं आणि निघायचं. तिला असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही की आज तू बस, मी जातो.

तिचे उपकार फेडायचे म्हणजे काय, याचा मी पुष्कळ विचार केला. साडी घेऊन गेलो तर ती घडीसुद्धा मोडणार नाही. शब्दांनी आभार मानले तर मेल्या म्हणेल. म्हणून इथे लिहून ठेवतो, जे वाचतील ते साक्षीला. ज्या वर्षी मी परत जाईन, गाडी मिळालेली असो वा नसो, त्या वर्षीचा आंब्याचा अख्खा मोसम तिचा पिकअप मी चालवीन. पेट्या मी भरीन, घाट मी चढेन, कोल्हापूरच्या बाजारातली हुज्जत मी घालीन. ती त्या मोसमात घरी बसेल, यजमानांच्या शेजारी, पडवीत, पाय लांब करून. माझा धंदा त्याच्यानंतर सुरू होईल. आत्ये, हा माझा शब्द. कधी ते मला आज सांगता येत नाही, पण येतलंय.